थाई शिकायचंय? मग सुरुवात हिरव्या करीपासून नको

पत्र :
"ताई, मी ऐरोलीला राहते, नोकरी ठाण्यात. घरी नवरा, नववीतली मुलगी आणि सासूबाई. मुलीच्या वाढदिवसाला हॉटेलात थाई जेवलो आणि सगळ्यांना आवडलं, अगदी सासूबाईंनासुद्धा. तेव्हापासून घरी करून बघतेय. हिरव्या करीची पेस्ट वाटली, रंग यावा म्हणून जुडीभर कोथिंबीर घातली, नारळाचं दूध काढलं, ते उकळल्यावर पेस्ट टाकली आणि वरून लिंबू पिळलं. दूध फाटलं आणि चव हिरव्या चटणीची आमटी केल्यासारखी. सगळं ओतून दिलं. पॅड थाई केलं तर नूडल्सचा गोळा झाला. फिश सॉस, सोया सॉस, ऑयस्टर सॉस आणि श्रीराचा हा तिखट सॉस अशा चार बाटल्या फ्रीजमध्ये पडून आहेत. सासूबाई मासे-अंडी खात नाहीत, शिवाय त्यांना बीपी आहे. आमच्याकडे अर्धं सामान मिळत नाही. सुरुवात कुठून करू? कशाच्या बदली काय चालेल? सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागेल का?"
– एक वाचक, ऐरोली

ताई, तुमचं पत्र वाचून सगळ्यात आधी त्या ओतून दिलेल्या करीबद्दल हळहळ वाटली. दूध फाटलं हा तिचा मोठा दोष नव्हताच. हिरव्या करीवर तेलाचा हिरवट तवंग आला की थायलंडमध्ये ती चांगली उतरली असं मानतात. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक कण पाण्यात विखुरलेले असतात. आचेवर पाणी आटलं आणि कणांना धरून ठेवणारी प्रथिनं ढिली पडली की तेल सुटतं. तिथल्या बायका ते मुद्दाम सोडवतात, फक्त सुरुवातीला आणि फक्त दाट दुधाचं. तुमच्याकडे ते शेवटी सुटलं, सगळ्याच दुधाचं सुटलं, आणि त्यात लिंबू पडल्यामुळे कणी धरली. करीची रीत पुढे सांगतेच, पण तुम्ही तिच्यापासून सुरुवात केलीत हेच मला पटलेलं नाही. हिरवी करी सगळ्यात जास्त सामान मागते, वाटणाचं कष्टाचं काम मागते आणि चूक झाली तर नेमकं काय चुकलं ते कळू देत नाही.

थाई जेवणात आंबट, खारट, गोड आणि तिखट यांचा तोल असतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरंच आहे, मात्र त्यावरून प्रत्येक पदार्थात चारही चवी सारख्या हव्यात असा समज होतो आणि मग माणूस करीवर लिंबू पिळतो. प्रत्येक पदार्थात एखादी चव पुढे असते आणि बाकीच्या तिच्या मागे उभ्या राहतात. कच्च्या पपईच्या सोमतामात लिंबू आणि मिरची पुढे, गोडवा जेमतेम. तोम याम सूप आंबट-तिखट. हिरव्या करीत आंबट चव जवळजवळ नसतेच. ती खारट, जराशी गोड आणि झणझणीत असते. मसमन करीत चिंच आणि गूळ दोन्ही लागतात. पॅड थाईत चिंच-गुळाच्या बरोबरीनं खारटपणा येतो. पदार्थ करायला घेताना त्याची पुढची चव कोणती हे मनात पक्कं असू द्या. मग एखादं सामान कमी पडलं तरी गाडी रुळावर राहते, आणि हे माहीत नसेल तर परदेशातून आणलेली बाटलीसुद्धा कामाला येत नाही.

म्हणून माझा सल्ला, पहिला पदार्थ सोमताम करा. थायलंडच्या ईशान्येकडचा ईसान भाग आणि शेजारचा लाओस इथलं हे रोजचं खाणं. त्यात शिजवायचं काहीच नाही, चव बिघडली तर जागच्या जागी दुरुस्त करता येते, आणि त्याचं बहुतेक सगळं सामान तुम्हाला ऑफिसातून निघाल्यावर जांभळी नाक्याच्या मंडईत एका फेरीत मिळेल. कच्ची पपई घट्ट, बाहेरून गर्द हिरवी आणि आतून पांढरी हवी. गर केशरीकडे झुकलेला असेल तर कीस मऊ पडतो. चवळीच्या लांब हिरव्या शेंगा घ्या, थायलंडमध्ये घालतात त्या याच जातकुळीच्या. बाकी टोमॅटो, लसूण, लवंगी मिरची, लिंबू, गूळ आणि भाजलेले दाणे. तिकडे यात वाळवलेली बारीक कोलंबी घालतात, म्हणजे आपली सुकट. तुमच्या आसपासच्या आगरी-कोळी घरांत सुकट आणि जवळा बारमाही असतो, तेव्हा ती शोधत लांब जायला नको. सुकट आधी तव्यावर कोरडी भाजून घ्या.

आता कृती नीट सांगते, कारण खरी गंमत क्रमात आहे. पपई सोलून मोठ्या भोकांच्या किसणीवर लांब किसा. दोन वाट्या कीस पुरे. तो बर्फाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून मग पूर्ण निथळा, पाणी राहिलं तर सगळी चव पाणचट होते. खलबत्त्यात आधी लसणाच्या दोन पाकळ्या आणि दोन मिरच्या घालून नुसत्या ठेचा, वाटू नका. त्यावर एक मोठा चमचा किसलेला गूळ घालून विरघळेपर्यंत कुटा. मग दोन चमचे दाणे आणि चमचाभर सुकट घालून दोन-चार घाव घाला, दाणे अर्धवट फुटले पाहिजेत. मग बोटभर लांबीचे चवळीच्या शेंगांचे तुकडे घालून जरा चेचा, त्यांना भेगा पडल्या की रस आत शिरतो. शेवटी एका टोमॅटोच्या फोडी घालून हलक्या हातानं दाबा. ईसानमधला यासाठीचा खल मातीचा आणि खोल असतो, बत्ता लाकडी, म्हणून जिन्नस चेचला जातो पण त्याचा लगदा होत नाही. आपला लोखंडी किंवा दगडी बत्ता जड असतो, तेव्हा हात आवरता घ्या. आपल्या खलबत्त्यात पपई मावणारही नाही. हे सगळं परातीत काढा, दोन चमचे लिंबाचा रस आणि दीड चमचा फिश सॉस घाला, कीस घाला आणि एका हातानं डावानं खालचं वर करत दुसऱ्या हातानं दाबत मिसळा. पपई हलकी चुरगळली की रस पिते.

मग चाखा, आणि चाखायचंही एका क्रमानं. आधी मीठ बघा. ते पुरेसं होईपर्यंत आंबट-गोडाचा निर्णय घेऊ नका, कारण अळणी पदार्थात आंबटपणा बोचतो. मग लिंबू. गूळ सगळ्यात शेवटी, तोही चिमटीनं. कान गरम होतील इतकं तिखट तिकडे चालतं, तुमच्या मुलीसाठी एकच मिरची ठेवा. सासूबाईंचा वाटा सुकट आणि फिश सॉस पडण्याआधीच वेगळा काढा आणि त्यात मीठ घाला. पपई, दाणे आणि लिंबू यांच्यावर ते छान उभं राहतं. दोन-तीन आठवडे हेच करत राहा. जिभेला तोल कळायला लागला की मग गॅस पेटवू.

बदली सामानाबद्दल लोक फार सैलपणे सांगतात, म्हणून इथे मी जरा काटेकोर होते. काही गोष्टी आपल्याकडे खरोखर त्याच आहेत. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा, फक्त आपण पाती चहात टाकतो आणि थाई स्वयंपाकाला बुडखा लागतो. खालचा चार-पाच बोटं लांबीचा फिकट, जाडसर भाग वाटणात जातो, वरची पाती सूपमध्ये गाठ मारून उकळायची आणि काढून टाकायची. बाजारातल्या चहाच्या जुडीत बहुतेक पातीच असतात, तेव्हा गॅलरीत मोठी कुंडी लावा आणि काही खोडं निदान करंगळीएवढी जाड होईपर्यंत कापू नका. चिंचेचा कोळ तोच. ताडाच्या किंवा नारळाच्या गुळाऐवजी आपला फिकट पिवळा गूळ बिनदिक्कत चालतो, काळसर मात्र नको, त्याची चव वर येते. मिरची तर दोन्हीकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेली.

कोथिंबिरीचं मूळ ही खरी थाई गोष्ट आणि ती आपण रोज कचऱ्यात टाकतो. मूळ, लसूण आणि पांढरी मिरी हे एकत्र कुटलेलं वाटण तिकडच्या कितीतरी पदार्थांचा पाया आहे. आपल्याकडे जुडी मुळांसकट मिळते. मुळं ब्रशनं घासून धुवा, पुसून डबीत घालून फ्रीझरमध्ये टाका. तुमच्या करीला चटणीची चव आली ती जुडीभर पानांनी. पेस्टमध्ये पानं रंगापुरती मूठभर, वासाचं काम मुळं करतात.

आता जिथे बदली नाही ते. गलांगल आल्यासारखं दिसतं, म्हणून आलं घाला असं सांगतात. गलांगलचा वास कापूर आणि लिंबाच्या मधला, आलं उष्ण आणि गोडसर. आलं घातलंत तर पदार्थ खाण्याजोगा होईल, थाई लागणार नाही. तसंच मॅक्रुट लिंबाच्या पानांचं. पाकिटावर बहुतेकदा काफिर लाइम असं लिहिलेलं असतं. जोडपान असतं ते, हातानं फाडलं की सगळ्या घरात वास जातो. कागदी लिंबाची किसलेली साल थोडीफार जवळ जाते, बस. या दोन वस्तू विकतच घ्या. ब्रोकोली, झुकिनी, बेबीकॉर्न ठेवणाऱ्या भाजीवाल्याला सांगून ठेवलंत तर तो आणून देतो, मॉलमधल्या मोठ्या दुकानांत आणि घरपोच भाजीच्या ॲपवरही असतात. वाशीचं एपीएमसी मार्केट घाऊक आहे, दोन काड्यांसाठी तिकडे धावपळ करू नका. आणलं की गलांगलच्या चकत्या आणि अख्खी पानं फ्रीझरमध्ये ठेवा, कित्येक महिने उत्तम राहतात. एक पाकीट पाच-सहा वेळच्या जेवणाला सहज पुरतं. मॅक्रुटचं रोप नर्सरीत मिळालं तर लगेच घ्या. कुंडीत तग धरतं, आपली दमट हवा त्याला मानवते, आणि फळ धरलं नाही तरी आपल्याला हवी ती पानंच.

तुळशीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण पुढेमागे हा प्रश्न येणारच. चिकनच्या खिम्याचा पॅड कापाओ नावाचा पदार्थ आहे, भातावर खिमा आणि वर तळलेलं अंडं. त्यात पडणारी कापाओ ही वनस्पती आणि आपली तुळस शास्त्रीयदृष्ट्या एकच, वाण वेगळा. तरी वृंदावनातली तुळस खुडून खिम्यात घालू नका. सासूबाईंना ते खुपेल आणि त्यांचं खुपणं रास्त आहे. शिवाय आपल्या तुळशीची चव शिजवल्यावर काढ्याकडे जाते. त्यापेक्षा वाण्याकडचा सब्जा आणा आणि कुंडीत पेरा. सब्जा हे बेसिलचंच बी, आणि थाई करीत जी गोड, बडीशेपेच्या वासाची पानं घालतात ती याच जातीची. वास तंतोतंत सारखा येणार नाही, पण घराणं एकच. आठवडा-दहा दिवसांत रोपं वर येतात, ऊन मिळालं तर दीड-दोन महिन्यांत खुडायला लागा. तुरा आला की लगेच मोडा, नाहीतर पानं कडवट होतात. गोड बेसिलवर परतलेला खिमासुद्धा थायलंडमध्ये करतात, त्यामुळे तुमचा पदार्थ नकली ठरत नाही.

आता करी. चार माणसांना एक मोठा नारळ खवा. एक वाटी कोमट पाण्यात मिक्सरला फिरवून मलमलच्या फडक्यातून पिळा, हे दाट दूध. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा पिळा, हे पातळ. सोलकढी करणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको. दाट दूध दोन तास फ्रीजमध्ये ठेवलं की साय वर जमते. पेस्टसाठी आठ-दहा पोपटी मिरच्या, दोन-तीन लवंगी, सांबारात घालतात ते पाच-सहा छोटे कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, गवती चहाचे दोन बुडखे, इंचभर गलांगल, कोथिंबिरीची पाच-सहा मुळं, लिंबाची किसलेली साल, भाजलेले धने एक चमचा, जिरे आणि पांढरी मिरी अर्धा-अर्धा चमचा. तिकडे यात आंबवलेल्या कोलंबीची पेस्ट असते. नवरा-मुलीपुरतं करत असाल तर चमचाभर भाजलेला जवळा वाटा. कोरडे मसाले आधी, मग गवती चहा आणि गलांगल अगदी बारीक चिरून, ओलं सगळं शेवटी. मिक्सर अडला तर पाण्याऐवजी नारळाचं दूध घाला. पाटा-वरवंटा असेल तर फारच छान, गवती चहाचे दोरे पाट्यावर जसे मोडतात तसे पात्यानं मोडत नाहीत.

कढईत वरची साय, साधारण अर्धी वाटी, मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे मोठे आणि चिकट होतील, मग बुडबुड्यांचा आवाज बदलेल. खदखद थांबून तळणीसारखी चुरचुर सुरू झाली की कडेला नितळ तेल दिसायला लागतं. पाच-सहा मिनिटं लागतात, अधीर होऊ नका. त्यात चार चमचे पेस्ट घाला आणि कांदा-लसणाचा कच्चा वास जाईपर्यंत परता. हा परतण्याचा टप्पाच तुमच्या करीत नव्हता, म्हणून ती चटणीसारखी लागली. मग पातळ दूध, मग भाज्या किंवा चिकन, मॅक्रुटची दोन-तीन पानं फाडून, थोडा फिश सॉस, गुळाचा छोटा खडा. छोटी हिरवी वांगी चिरून घातलीत तर तिथल्यासारखं वाटेल. शिजलं की उरलेलं दाट दूध घाला, एक हलकी उकळी, गॅस बंद, वरून बेसिलची पानं. झाकण ठेवू नका आणि लिंबाला हात लावू नका. डब्यातलं किंवा पाकिटातलं दूध वापरलंत तर त्यात ते एकजीव ठेवणारे पदार्थ घातलेले असतात, त्याला तेल सुटेलच असं नाही. तिथे एक चमचा तेलात पेस्ट परता आणि पुढे जा.

सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक लागेल का? मला वाटतं, उलट करा. घराची करी त्यांच्या आवडीची निवडा आणि बाकीच्यांना तीच द्या. मसमन ही ती करी. दक्षिण थायलंडच्या मुस्लिम स्वयंपाकाशी तिचं नातं आहे, म्हणून तिच्यात दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, तमालपत्र असतं. बटाटे, अख्खे छोटे कांदे, भाजलेले दाणे, नारळाचं दूध, आणि शेवटी चिंच-गूळ. आमटीत चिंच-गूळ घालणाऱ्या घरात ही चव परकी वाटत नाही, आणि मॅक्रुटच्या पानांवाचून तिचं अडत नाही. हिरव्या मिरचीऐवजी बिया काढून भिजवलेली ब्याडगी, भाजलेले धने-जिरे आणि वरचे खडे मसाले, भाजलेला कांदा-लसूण, थोडा गवती चहा आणि गलांगल असं वाटण करा. बाकी रीत तीच, फक्त फिश सॉसऐवजी मीठ. कोणाला चिकन हवं असेल तर ते वेगळ्या पातेल्यात शिजवून ताटात वाढताना मिसळा.

शाकाहारी थाई म्हणजे तडजोड, असंही मनात आणू नका. तिकडे मांस, मासे, अंडी, दूध, इतकंच काय कांदा-लसूणही वर्ज्य करणारी जेवणाची परंपरा आहे. फुकेतमध्ये चिनी चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवसांचा मोठा शाकाहारी उत्सव असतो, साधारण आपल्या नवरात्राच्या आसपास. विकतच्या पेस्टमध्ये मात्र बहुतेकदा कोलंबी असते आणि ऑयस्टर सॉस कालवांचा असतो, तेव्हा पाकिटावरचं हिरवं चिन्ह आणि घटकांची यादी दोन्ही वाचल्याशिवाय सासूबाईंच्या पानात काही वाढू नका.

बीपीचं मात्र गांभीर्यानं घ्या. फिश सॉस म्हणजे मासे आणि मीठ वर्षभर किंवा जास्त मुरवून निघालेलं पाणी. त्याच्या एका मोठ्या चमच्यात ब्रँडनुसार १२०० ते १५०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची दिवसाची मर्यादा २००० आहे. सासूबाई फिश सॉस खात नाहीत, पण सोया सॉसही निरागस नाही, एका मोठ्या चमच्यात ९०० च्या आसपास जातं. त्यांच्या वाट्याला वाळवलेले शिताके मशरूम भिजवलेलं पाणी घाला. त्याला स्वतःची भरदार चव असते आणि मीठ कमी पुरतं. जिथे आंबटपणा शोभतो तिथे लिंबू-चिंच वाढवा. मीठ किती हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तेच धरा.

पॅड थाईचा गोळा का झाला ते सांगायला फार शब्द नकोत. तांदळाच्या चपट्या नूडल्स उकळल्यात ना? त्या साध्या पाण्यात पाऊण तास भिजवायच्या, बोटाला गुंडाळता आल्या पाहिजेत पण चावताना कच्च्या लागल्या पाहिजेत. उरलेलं शिजणं कढईत, रसाबरोबर. चिंचेचा कोळ, गूळ आणि फिश सॉस साधारण सम प्रमाणात घेऊन आधीच गरम करून ठेवा, केचप नको. दुसरं कारण गर्दी. घरच्या शेगडीची आच चार जणांच्या नूडल्स एका वेळी पेलत नाही, त्या परतण्याऐवजी वाफेवर गिच्च होतात. दोन-दोन ताटांचं करा, मुलीला आधी वाढा. वर घालायच्या मोडांसाठी मूग उसळीपेक्षा दोन दिवस जास्त, अंधारात आणि लांब मोड येईपर्यंत ठेवा, आणि ते गॅस बंद केल्यावर घाला. आणि हा पदार्थ फार पुरातन नव्हे. नूडल्स परतण्याची रीत चिनी, आणि सयामचं नाव १९३९ मध्ये थायलंड झालं त्या सुमाराच्या सरकारनं राष्ट्रीय खाणं म्हणून त्याचा प्रसार केला. त्यामुळे मुलीनं त्यात कोबी घातला तरी बिघडत नाही.

करीबरोबर बासमती नको, त्याचे सुटे लांब दाणे करी धरत नाहीत. जास्मिन तांदूळ मिळाला तर ठीक, नाहीतर आंबेमोहोर घ्या. सुवास आहे, किंचित चिकट आहे, नेहमीपेक्षा पाणी थोडं कमी घाला.

नवऱ्याला कोलंबी आवडत असेल, तर एखाद्या रविवारी बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळी बाजारातून डोक्यासकट आणा आणि तोम याम करा. २०२४ मध्ये युनेस्कोनं कोलंबीच्या तोम यामची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. डोकी आणि सालं थोड्या तेलात केशरी होईपर्यंत परतून त्यातच पाणी घाला, वीस मिनिटं उकळून गाळा. त्यात गलांगलच्या चकत्या, चेचलेला गवती चहा, मॅक्रुटची पानं, ठेचलेल्या मिरच्या, मशरूम; कोलंबी शेवटी, दोनच मिनिटं. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उकळलं की ताजेपणा जाऊन कडवट लागतं. चकत्या आणि पानं खायची नसतात हे मुलीला आधी सांगा.

राहिल्या तुमच्या चार बाटल्या. ऑयस्टर सॉस आणि सोया सॉस खिम्याला लागतील. फिश सॉस नीट बंद ठेवला तर खूप टिकतो. आणि त्यातल्या दोन आजच उघडा, खाय जिआव म्हणजे थाई ऑम्लेट करा. दोन अंडी, एक छोटा चमचा फिश सॉस, लिंबाचे दोन-तीन थेंब, फेस येईपर्यंत फेटा. मीठ घालू नका. छोट्या कढईत पाच-सहा चमचे तेल चांगलं तापू द्या, अंड्याचा थेंब टाकताच फुलला पाहिजे. मग वीतभर उंचीवरून अंडं एकदम ओता. कडा फुगून जाळीदार होतात, अर्ध्या मिनिटानं उलटा, आणखी अर्ध्या मिनिटानं काढा. गरम भातावर ठेवून बाजूला श्रीराचा द्या. सासूबाईंचं जेवण झाल्यावर करा, अंड्याचा वास त्यांना सोसणार नाही, आणि खिडकी उघडी ठेवा, तापलेल्या तेलात फिश सॉस पडला की घरभर घमघमतो.